भिंतीवर कावळा आला नाही

१

खिरीच्या पातेल्यावरचं झाकण आपलं आपण सरकलं आणि खण्णकन वाजलं. तेव्हा कुठे सगळ्यांनी भिंतीवरची नजर काढली.

हॉलचे पडदे ओढलेले. टीव्हीच्या वरच्या भिंतीवर नुसता पांढरा चौकोन, फिल्म संपली की पडतो तसा. माझा नवरा प्रीतम यंत्राच्या हँडलवर हात ठेवून उभा होता, आणि खाली वाढलेल्या पानांमधले वडे बसल्या जागी मऊ पडत होते.

"कावळा कुठाय?" शेवटी माझे सासरे म्हणाले.

"मला काय विचारता बाबा? मी नुसती फिल्म लावलेली," प्रीतम म्हणाला.

"अरे, पण संपली ना ती! अण्णा आले, पान वाढलं, हात जोडले, रुसले, नाचले, शिंकले. सगळं झालं. कावळा आलाच नाही!"

माझी पाच वर्षांची सान्वी उठली आणि तिनं टीव्हीच्या मागं डोकावून पाहिलं.

ज्याला हे माहीत नाही त्याला सगळं वेडगळ वाटेल, म्हणून आधी सांगते. प्रीतमची आजी गंगुबाई, म्हणजे आमच्या घरातली सगळ्यांत मोठी. तिचे वडील ते अण्णा. बोलपट यायच्या आधी अण्णा हातानं फिरवायचं एक छोटं यंत्र खांद्यावर टाकून शहाड-कल्याणपासून पार मुरबाडपर्यंत जत्रांमधून सिनेमा दाखवत हिंडायचे. दुसऱ्यांच्या फिल्मा दाखवून कंटाळले, तेव्हा त्यांनी स्वतःची एक केली. दोन-अडीच मिनिटांची, मुकी, हसायची. त्यात विशीतले अण्णा स्वतः आहेत. टोपी, धोतर आणि हे एवढे कल्ले. पितृपक्षातलं पान वाढून ते कावळ्याची वाट बघतायत. आणि जो कावळा येतो तो खरा नाही, चितारलेला. काळ्या शाईचा, वाकड्या मानेचा, एक नंबरचा आगाऊ. जित्याजागत्या अण्णांच्या अवतीभवती हा चित्रातला कावळा घिरट्या घालतो, त्यांची फजिती करतो, आणि अगदी शेवटी, उपकार केल्यासारखा, पानातल्या वड्याला चोच लावतो.

आमचं बिऱ्हाड खोपटच्या चाळीत होतं तोवर ही फिल्म म्हणजे पोरांची गंमत होती. मग बाळकुमला चौदाव्या मजल्यावर आलो, गॅलरीला कबुतरांची जाळी ठोकली, आणि पहिल्याच पितृपक्षात पंचाईत झाली. जाळीतून कावळा येणार कुठून? दुपार कलली, अन्न निवलं, कुणी जेवेना. तेव्हा आजींनी यंत्र काढलं. भिंतीवरच्या कावळ्यानं वड्याला चोच लावली तशा त्या म्हणाल्या, "बापानं स्वतःच्या हातानं काढलेला कावळा आहे. याहून सख्खा कुठला आणणार?"

तेव्हापासून आमच्याकडे हीच रीत. भिंतीवरचा कावळा जेवला, की आम्ही जेवतो.

आज तो आला नव्हता. आणि नेमकी आजच दिशा घरात होती.

दिशा पुण्याच्या एका खासगी चित्रपट-संग्रहात काम करते. वयानं माझ्याहून लहान, पण जुन्या फिल्मेला हात लावताना श्वास धरून ठेवणारी मुलगी. अण्णांची फिल्म आता आकसत चालली आहे. डबा उघडला, की शिरक्यासारखा, म्हणजे व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो कुजण्याचा वास, असं तिनंच आम्हाला सांगितलं होतं. यंत्रात लावायचा आज शेवटचा दिवस, पुढे चालवली तर तुकडे होतील. चार वाजता गाडी येणार, दिशा फिल्म घेऊन जाणार आणि तिची कायमची प्रत करणार.

"म्हणजे..." तिनं हळूच म्हटलं, "आत्ता जे दिसलं, त्याचीच प्रत होईल. कावळा नसेल, तर तो यापुढे कधीच नसेल."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आजींचे धाकटे भाऊ तानाजीमामा खाकरले. "मॅडम, मागच्या आठवड्यात फिल्म तपासायला तुम्हीच घेऊन गेलेल्या ना?"

२

दिशाच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

"मामा!" मी म्हटलं.

"मी आपलं विचारलं. विचारायला काय जातंय? साईनाथ, तुझ्या सुनेला सांग, मला डायबेटिस आहे. मला उपाशी ठेवून वर डोळे नका वटारू."

साईनाथ म्हणजे माझे सासरे. खोपटच्या एसटी डेपोतून निवृत्त झाले तरी अजून प्रत्येक गोष्टीची चौकशी लावतात. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मामा, संशयच घ्यायचा तर मग तुझ्यावर पण येतो. श्राद्ध शहाडला व्हावं म्हणून दर वर्षी कोण भांडतं?"

"भांडणारच! मी मुलगा आहे अण्णांचा. शहाडला नदीवर पान ठेव, कावळे सोड, बगळेसुद्धा जेवून जातील. पण नाही. यंत्र ताईकडे, म्हणून कावळा ताईकडे, म्हणून बाप पण ताईकडे!"

"म्हणजे कावळाच नाहीसा झाला, की श्राद्ध आपोआप शहाडला."

"अरे वा! एसटीत होतास का सीआयडीत?"

आजी मात्र स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून होत्या. कनवटीला नेहमीचा पानसुपारीचा बटवा, हात मांडीवर. सान्वी त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि लगेच नाक मुरडत परत आली.

"आई, पणजीला चायनीजच्या गाडीचा वास येतोय."

"सान्वी! असं बोलतात का?"

मी तिला उचलून बाजूला घेतलं. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी नाशिकला, त्यामुळे पहाटेपासून स्वयंपाक आजी आणि मी दोघींनीच केला होता. कढी, अळू, भोपळ्याची भाजी, खीर. आणि वडे सगळेच्या सगळे आजींनी थापले. इतक्या व्यापात म्हाताऱ्या बाईला कसला का वास येईना.

"चित्र मात्र यंदा लख्ख दिसलं हां," तानाजीमामा स्वतःशीच म्हणाले. "अण्णांच्या धोतराची चूण न् चूण दिसली. बल्ब बदललास काय रे प्रीतम?"

"नाही हो. मागच्या वर्षीचाच आहे."

तेवढ्यात मला स्पिरिटची बाटली आठवली. कारण गणपती गेल्यावर आजींचं कपाट मी आवरलं होतं. फिल्मेचा डबा स्पिरिटनं पुसला होता. डबाच ना? सान्वी झाल्यापासून मी गॅस बंद केला की नाही हे बघायला जिन्यातून परत येणारी बाई. डबा पुसता पुसता आतली फिल्मपण पुसली असेल, तर? शाईचा कावळा स्पिरिटनं जाणार नाही तर काय होणार?

"दिशा," मी म्हटलं, "भिंग आहे ना तुझ्याकडे? फिल्म एकदा नीट बघ. मला वाटतं, मीच कावळा पुसला."

३

आम्ही जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलं. दिशानं पांढरे हातमोजे चढवले. बाकीचे सगळे तिच्या पाठीमागे असे उभे राहिले, जसं काही डॉक्टरीण एक्स-रे बघतेय.

"आधी हे सांग," मी विचारलं, "तुझ्याकडे होती तेव्हा तुला कावळा दिसला होता?"

"नाही. म्हणजे, मी तिथपर्यंत गेलेच नव्हते. सुरुवातीची हातभर फिल्म उलगडली, किती आकसलीय ते मोजलं आणि गुंडाळून ठेवली. त्यापुढे उलगडायची नाही, असं आजींनी माझ्याकडून वचन घेतलेलं. देवाशपथ घ्यायला लावली मला. मला वाटलं, तुटेल म्हणून घाबरतायत."

"आणि बदलली नाहीस कशावरून?" तानाजीमामा.

"थांबा," बाबा म्हणाले. "अण्णा शिंकतात तिथं फिल्म जुनी तुटलेली आहे. माझ्या लहानपणी माझ्याच हातून तुटलेली, मार खाल्लाय मी. तिथं चित्र टुणकन उडी मारतं. आज मारली ना उडी?"

मारली होती. सगळ्यांनी पाहिली होती.

दिशानं तो जोड शोधून काढला. जोड तोच, चिकटवलेला कागदही तोच, पिवळा पडलेला. म्हणजे फिल्म बदललेली नव्हती. दिशाच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला मागूनसुद्धा दिसलं.

मग ती एकेक चौकट भिंगाखाली सरकवत गेली. अण्णांनी हात जोडले. अण्णा वाकले. अण्णा टोपी सावरत मागे वळले. बोटाच्या पेराएवढ्या चौकटीत एवढासा माणूस आणि त्याच्या डोक्यावर रिकामं आभाळ. माझी मान भरून आली, पण मी तिथून हलले नाही.

"ऐश्वर्या," बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तू काही पुसलेलं नाहीस."

"नक्की?"

"शाई पुसली की कितीही म्हटलं तरी डाग राहतो, कडेला धूसर होतं. इथं काहीच नाहीये. खरडलेलं नाही, धुतलेलं नाही." तिनं भिंग खाली ठेवलं. "फिल्म तीच आहे. पण हिच्यावर कावळा कधी काढलेलाच नव्हता."

४

"असं कसं होईल?" प्रीतम म्हणाला. "लहानपणापासून बघतोय मी. कावळा येतो आणि धप्पकन अण्णांच्या टोपीवर बसतो."

"टोपीवर नाही, खांद्यावर," बाबा म्हणाले.

"टोपीवर, बाबा. अण्णा वाकलेले असतात तेव्हा."

"मी काय आंधळा आहे? अण्णा ताठ उभे असतात, कावळा खांद्यावर बसतो आणि ते दुसऱ्याच बाजूला बघतात. तिथंच तर हसू येतं!"

"दोघंही खोटं," तानाजीमामांनी निकाल दिला. "शहाडला जत्रेत बघितलाय मी, अण्णा स्वतः यंत्र फिरवत होते. कावळा येतो तेव्हा अण्णा तिथं नसतातच. ते पानावर पाणी फिरवायला खाली बसलेले. कावळा हवेतच बसतो, नुसत्या आभाळावर! लोक लोळायचे हसून."

तिघं हमरीतुमरीवर आले. उपाशी पुरुष भांडायला लागले की फार गोड दिसतात, पण ऐकू फार येतात. मी सान्वीला केळं सोलून दिलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

गंमत अशी, की मला तिघांचंही खरं वाटत होतं. जो तो लहानपणी पाहिलेलाच कावळा धरून बसला होता. प्रीतम असल्या गोष्टीत खोटं बोलत नाही. बाबा तर ज्या फिल्मेपायी मार खाल्ला ती विसरणार नाहीत. आणि मला स्वतःला काय आठवत होतं? गेली काही वर्षं भिंतीकडे मी पाहिलंच कुठे होतं? मी बघत होते मांडीवरच्या सान्वीकडे.

सान्वीकडे!

मी फोन काढला. श्राद्धाचं शूटिंग करायचं नाही असा आजींचा दंडक, त्यामुळे फिल्मेचे फोटो कुणाकडेच नव्हते. पण सान्वीचे? ती शिंकली तरी मी फोटो काढलेला आहे. मागे मागे सरकवत गेले. हा बघा, मागचा पितृपक्ष. अंधारात नव्या फ्रॉकमध्ये सान्वी, आणि तिच्या मागे भिंतीवर अण्णा हात जोडून उभे. खांद्यावर कावळा. थोडा अस्पष्ट, पण कावळाच.

त्याच्या आदल्या वर्षीचा. सान्वी रडतेय. मागे भिंतीवर तेच अण्णा, तसेच हात जोडून, पाय तसेच, मान तशीच. तीच चौकट म्हणा ना. आणि कावळा खांद्यावर नाही. तो अजून वरच्या कोपऱ्यात उडतोय.

मी दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा बघितले.

आत आले आणि फोन टेबलावर ठेवला. "भांडू नका. तुम्ही तिघं खरं बोलताय."

"तिघं कसे खरे?" बाबा.

"कावळा जर अण्णांच्याच फिल्मेवर काढलेला असता, तर जन्मभर तो एकाच वेळी, एकाच जागी बसला असता. पण हे बघा. अण्णा तेच, आणि कावळा एका वर्षी खांद्यावर, एका वर्षी अजून हवेत. म्हणजे कावळा या फिल्मेवर नाहीच. तो वेगळ्या पट्टीवर आहे."

दिशा ताडकन उभी राहिली. "कोऱ्या, पारदर्शक पट्टीवर! त्यावर नुसता शाईचा कावळा. आणि दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून यंत्रातून एकदमच सोडायच्या. अण्णांची पट्टी आणि कावळ्याची पट्टी. मागेपुढे लावली, की कावळा कधी लवकर येणार, कधी उशिरा."

"कावळा त्याच्या त्याच जागेवर बसतो," मी म्हटलं. "हलतात ते अण्णा. कधी तिथं टोपी असते, कधी खांदा, आणि कधी काहीच नसतं."

तानाजीमामा खुर्चीत हळूच बसले. "म्हणून शहाडला हवेत."

"म्हणून शहाडला हवेत. आणि आज चित्र एवढं लख्ख का दिसलं, तेही कळलं. दर वर्षी उजेड दोन पट्ट्यांतून यायचा. आज एकीतूनच आला."

"म्हणजे मी अर्धीच फिल्म लावली?" प्रीतमनं कपाळाला हात लावला. "पण डब्यात एकच रीळ होतं गं. देवाशपथ."

"हो. दुसरं कुणीतरी आधीच काढून घेतलं होतं."

"कुणी?" बाबांचा आवाज चढला.

दोन पट्ट्या आहेत हे कुणाला माहीत असणार? जो यंत्रात फिल्म भरतो त्याला. आणि श्राद्धाच्या दिवशी यंत्राला सोवळं असतं. खोलीचं दार लोटून फिल्म भरणारं माणूस आमच्या घरात एकच. यंदा मात्र त्या माणसानं सकाळी सांगितलं होतं, "मनगट दुखतंय रे, प्रीतम, तूच भर." आणि त्याच मनगटानं परातभर वडे थापले होते.

हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडानं एवढंच बोलले, "मला जरा कढी गरम करायचीय. कुणी आत येऊ नका."

५

आजी ओट्याला टेकून उभ्या होत्या. बाहेरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. मी गॅस लावला आणि कढी ढवळत राहिले.

"आजी, सान्वी मघाशी वासाचं म्हणाली तेव्हा मी तिला उगाच रागावले."

त्यांचा हात कनवटीच्या बटव्यावर गेला.

"शिरक्याचा वास लपत नाही हो. डबा तर तुम्ही आज शिवलाही नाहीत."

आजींनी बटव्याची नाडी सोडली. सुपारी, कात, अडकित्ता, आणि त्यांच्याखाली मऊ फडक्यात गुंडाळलेलं चिमुकलं रीळ. त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही. पट्टीचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. काचेसारखी कोरी पट्टी, आणि प्रत्येक चौकटीत तिळाएवढा कावळा. पंख वर. पंख खाली. पंख वर.

"चोरी नाही केली मी," त्या म्हणाल्या. "माझंच आहे."

"मी चोरी म्हटलंच नाही."

"तो बाहेरचा माणूस, टोपीवाला, तो माझ्या जन्माच्या आधीचा. बरा दिसायचा, पण मी त्याला ओळखत नाही. मला माहीत असलेले अण्णा म्हणजे हा." त्यांनी कावळ्यावर नख ठेवलं नाही, नुसतं जवळ नेलं. "शाई झिजायची. दर दोन-चार वर्षांनी ते हे कावळे पुन्हा गिरवायचे. मी दौत धरून बसायची. शिंक आली तर नाक दाबून धरायचं, हात हलता कामा नये. सगळं गिरवून झालं की शेवटचा कावळा मला गिरवायला द्यायचे. बघ, शेवटच्याची शेपटी जाड आहे."

होती खरी.

"मग दडवून का ठेवलात? दिशा तो जपेलच की."

"जपेल गं. पोरगी गुणाची आहे. पण प्रत करणार ना ती? एकदा का प्रतीत याला त्या माणसाच्या खांद्यावर बसवला, की झालं. मग दर वर्षी तिथंच. त्याच वेळी, त्याच खांद्यावर. मी वर्षभर वाट बघते, ऐश्वर्या. पट्टी भरताना मोजत नाही, मुद्दाम. डोळे मिटून लावते. यंदा कुठं बसेल, लवकर येईल की दमवेल, मला ठाऊक नसतं. म्हणून वाटतं, की येतो." त्यांनी पट्टीचं टोक पुन्हा गुंडाळलं. "प्रत केली की तो यायचा बंद होईल. नुसता दिसेल."

कढीला उकळी यायला आली. मी आच कमी केली. बाहेर चार वाजत आले होते, फिल्म कुजत होती, आणि ही बाई म्हणत होती तेही खरं होतं. फिल्म द्यायची तर कावळा जेरबंद. नाही द्यायची, तर येत्या दोन-चार वर्षांत माणूस आणि कावळा दोघांचाही भुगा.

तेवढ्यात दाराशी पावलं वाजली. मी सांगूनही कुणीतरी आलंच होतं.

दिशा होती. डोळे लाल.

"सॉरी. ऐकलं मी," ती म्हणाली. "आजी, एक विचारू? दोन्ही पट्ट्या एकत्र करायच्याच कशाला?"

"म्हणजे?"

"अण्णांची प्रत वेगळी. कावळ्याची वेगळी. अण्णांनी ठेवल्या होत्या तशाच. आमच्याकडे त्या दोन म्हणूनच राहतील, तसं मी लिहून ठेवेन. आणि तुम्हाला दोन नवीन रिळं करून देईन, याच मापाची, न आकसणारी. तुम्ही भराल तशा भरा. डोळे मिटून."

आजी तिच्याकडे वळल्या. "तुमचे साहेब ऐकतील?"

"त्यांना समजवावं लागेल. ते म्हणतील, लोकांना एकच पक्की फिल्म हवी असते." दिशानं नाक पुसलं. "पण ती कधी एक नव्हतीच ना. एक केली, तर चूक आमची होईल. मी भांडेन."

"भांडता येतं तुला?"

"आज तुमच्या भावासमोर नाही आलं. शिकेन."

आजी हसल्या, आज पहिल्यांदा. मग पदर खोचला आणि बटवा माझ्या हातात दिला.

"धर. आणि त्या पोरीला आत बोलाव, सान्वीला. कुणीतरी बघून ठेवायला हवं, कसं भरतात ते."

६

या वेळी आजींच्या खोलीचं दार उघडं राहिलं. सान्वी पलंगावर गुडघ्यांवर उभी, हात मागे बांधून, कारण हात लावला तर पणजी ओरडणार. दिशानं आजींचा हात एकदाच अडवला, आकसलेल्या भागाशी, आणि तिथं पट्टी जरा सैल केली. एका पट्टीवर दुसरी. कडेच्या भोकाशी भोक. आजींनी खरंच डोळे मिटले होते. खालची पट्टी त्यांनी थोडी पुढे ओढली, किती ते कुणी मोजलं नाही, आणि झडप बंद केली.

हॉलमध्ये बाबा आणि मामा अजून टोपी की खांदा यावरच होते. प्रीतमनं पडदे ओढले. हँडल आजींनी स्वतः हाती घेतलं. मनगट अजिबात दुखत नव्हतं, आणि ते कुणी विचारलंही नाही.

भिंतीवर अण्णा आले, मघापेक्षा थोडे सावळे. पान वाढलं. हात जोडले. कावळा नाही. अण्णा वाकले, टोपी सावरली, रुसले. कावळा नाही. माझ्या शेजारी दिशानं माझं बोट घट्ट धरलं. अण्णा नाचले. मग त्यांनी तोंड वर करून ती प्रचंड शिंक दिली, चित्र टुणकन उडालं, आणि उडी मारून खाली येतं न येतं तोच कावळा सरळ त्यांच्या उघड्या तोंडासमोर येऊन बसला. जसं काही शिंकेतूनच बाहेर पडला.

बाबा एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. "हे नव्हतं कधी बघितलं! मामा, हे नव्हतं कधी!"

तानाजीमामा हसत नव्हते. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. "अण्णा असंच करायचे," ते म्हणाले. "घरी पण. शिंक आली की आधी आमच्याकडे बघायचे, घाबरवायला. ताई, आठवतं?"

"तू पळून माझ्या मागं लपायचास," आजी हँडल फिरवत म्हणाल्या. "पुढच्या वर्षी यंत्र घेऊन मीच शहाडला येते. बघू तुझे बगळे."

भिंतीवर कावळ्यानं मान वाकडी केली, आमच्याकडे पाहिल्यासारखं केलं, आणि फुकटची मिजास दाखवत वड्याला चोच लावली.

मग एकच गडबड. कढी, खीर, गार झालेले वडे, "मीठ कुठाय", "मॅडमना आधी वाढा", "मॅडम नका म्हणू हो". दिशाची गाडी खाली येऊन हॉर्न वाजवत होती, तिला प्रीतमनं गॅलरीतून ओरडून थांबवलं. तानाजीमामांनी डायबेटिस विसरून खीर दोनदा घेतली आणि दिशाच्या पानात न विचारता वडा टाकला; ही त्यांची माफी.

सान्वी माझ्या मांडीला टेकून जेवत होती. भोपळा बाजूला सारून झाला होता, खीर बोटानं चाटून झाली होती. मी तिच्या ओठावरचा दाणा टिपला.

"आई," ती म्हणाली, "अण्णांना वडा आवडतो, म्हणून आपण वडा ठेवतो ना?"

"हो."

"मग तू कावळा होऊन येशील, तेव्हा मी तुला काय वाढू?"